आधी हजेरीपट, मग हाक



"सर, फाईल तर समोर दिसतेय, मग कंपायलरला का सापडत नाही?" रस्ट शिकणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. माझं मत असं, की आपण 'यूज' आधी शिकवतो आणि 'मॉड' उरकून टाकतो, तिथेच गाडी अडते.

वर्गाचंच उदाहरण घ्या. मूल बाकावर येऊन बसलं म्हणून ते आपल्या वर्गाचं होत नाही, हजेरीपटावर नाव लागतं. तसंच 'गणित.आरएस' ही फाईल फोल्डरमध्ये ठेवली, तरी 'मेन.आरएस'मध्ये 'मॉड गणित;' लिहीपर्यंत कंपायलर तिच्याकडे बघतही नाही. 'मॉड' म्हणजे पटावर नाव घालणं. 'यूज' म्हणजे लांबलचक नावाऐवजी सुटसुटीत हाक मारायची सोय. 'यूज' नसलं तरी 'मेन'मधून 'गणित::बेरीज(२, ३)' चालतं. फक्त बेरीज या फंक्शनच्या आधी 'पब' हवं, कारण रस्टमध्ये दार मुळात बंद असतं.

आता नेहमीची चूक बघा. 'निकाल.आरएस'मध्ये बेरीज हवी, म्हणून मुलं तिथेही 'मॉड गणित;' लिहितात. मग कंपायलर 'निकाल' नावाच्या फोल्डरात गणिताची दुसरीच फाईल शोधतो आणि चूक दाखवतो. पटावर नाव एकदाच घालायचं! निकालमध्ये लिहायचं ते 'यूज क्रेट::गणित::बेरीज;'. 'क्रेट' म्हणजे मुळापासूनचा पत्ता, 'सुपर' म्हणजे एक पायरी वर, 'सेल्फ' म्हणजे इथूनच.

जुने धडे देताना जरा जपा. २०१५ च्या आवृत्तीत 'यूज'मधला पत्ता मुळापासून मोजला जाई, बाकी ठिकाणी चालू मॉड्यूलपासून. २०१८ च्या आवृत्तीने हा दुजाभाव काढला.

काही जण म्हणतील, कंपायलर सुचवतोच की, मग यावर तास कशाला घालवायचा? पण सुचवलेलं चिकटवत आणि दिसेल तिथे 'पब' लावत गेलेल्या मुलाचा प्रोग्रॅम आज चालतो. उद्या एक फाईल हलवली की सगळं कोसळतं, आणि का कोसळलं ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून टंकलेखनाआधी वहीत मॉड्यूलचं झाड काढून घ्या. आणि पालकहो, तुम्हाला रस्ट येत नसलं तरी चालेल. मूल अडलं की एवढंच विचारा, "हे नाव कुठल्या पटावर आहे, आणि तू कुठे उभा राहून हाक मारतोयस?"