मल्लखांब : आधी पकड, मग कसरत

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला मल्लखांब आज मुलीही हौसेने खेळतात. मात्र पहिल्याच आठवड्यात उलटे लटकण्याची घाई नको. स्नायू लवकर बळकट होतात. त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना अधिक वेळ लागतो. म्हणून आधी जमिनीवर दंड-बैठका काढाव्यात, दोरीला लोंबकळून हातांची पकड वाढवावी. साधी अढी पक्की जमल्यावरच पुढे जावे. प्रत्येक अढी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी करावी. खाली जाड गादी आणि जवळ प्रशिक्षक हवेतच. खांदा किंवा मनगट दुखू लागल्यास त्या दिवशी विश्रांती घ्यावी. ‘शेजारची मुलगी बघ किती पुढे गेली!’ असे पालकांनी म्हणू नये. खांबावरून सुखरूप उतरता येणे, हाही खेळाचाच भाग आहे.