उत्तराआधीचा अंदाज

विमानरचनेच्या विद्यार्थ्याने संगणकीय प्रणालींवर हुकमत मिळवावी, याविषयी आज दुमत संभवत नाही. फ्रान्समधील दासो या विमान कंपनीत १९७७ साली आरंभ झालेली कॅटिया ही प्रणाली पुढे इतकी प्रगल्भ झाली, की तिच्या आधारे बोइंग ७७७ या प्रवासी विमानाचा अवघा आराखडा संगणकावर सिद्ध झाला. प्रश्न आहे तो या प्रणाली कोणत्या वृत्तीने शिकाव्यात, हा.

आपल्या बहुतेक महाविद्यालयांतील शिरस्ता असा, की कोणती कळ केव्हा दाबावी हे प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत क्रमवार दिलेले असते, विद्यार्थी ते बिनचूक पार पाडतो, पडद्यावर ताण दर्शवणारे निळ्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग उमटतात आणि त्या चित्राची प्रत वहीत डकवली की गुण पदरात पडतात. उत्तराची खातरजमा करण्याची ताकीद त्याला कोणी देत नाही.

वस्तुतः लहानसे वर्तुळाकार छिद्र पाडलेला रुंद पत्रा दोन्ही टोकांनी ओढला, तर छिद्राच्या काठावरील कमाल ताण दूरच्या ताणाच्या तिप्पट असतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ सालीच गणिताने दाखवले. गणनेसाठी प्रणाली पत्र्याचे लहान तुकडे पाडते; तुकड्यांची ही जाळी विरळ असली तर हा आकडा बहुधा कमी भरतो आणि काठाशी ती दाट करत नेली की तिपटीपाशी स्थिरावतो. परंतु छिद्राऐवजी तीक्ष्ण कोपऱ्यांचा चौकोन कापला, तर जाळी जसजशी दाट करावी तसतसा कोपऱ्यातील आकडा वाढतच जातो. ज्याला किर्शचा दाखला ठाऊक नाही, तो यांपैकी कोणताही आकडा सारख्याच श्रद्धेने अहवालात उतरवतो.

कोपऱ्यातील ताणाची किंमत विमानविद्येने फार मोठी मोजली आहे. १९५४ साली कॉमेट जातीची दोन विमाने आकाशातच फुटली, आणि फार्नबरो येथे त्याच जातीचे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब दिला, तेव्हा झरोक्यांच्या कोपऱ्यांशी एकवटलेला ताण रचनाकारांच्या अपेक्षेहून पुष्कळच अधिक असल्याचे उघड झाले. संगणकावर सिद्ध झालेल्या ७७७ चे पंखदेखील १९९५ साली मोडेपर्यंत वाकवून पाहिले गेले, आणि कमाल अपेक्षित भाराच्या १५४ टक्क्यांवर ते मोडले तेव्हाच गणिताची शहानिशा झाली.

सबब विद्यापीठांना माझी आग्रहाची सूचना अशी, की विद्यार्थ्याने संगणकाला हात लावण्यापूर्वी उत्तराचा अंदाज हातगणिताने काढून परीक्षकाच्या स्वाधीन करावा, आणि निम्मे गुण तो अंदाज आणि संगणकाचे उत्तर यांतील तफावतीचा उलगडा करण्याला राखून ठेवावेत. कारखानदारांना प्रणाली येणारे तयार उमेदवार हवे असतात, हा आक्षेप खरा आहे. तथापि प्रणालीची आवृत्ती बदलली तरी किर्शची तिप्पट तिप्पटच राहते, आणि ती ओळखणारा उमेदवार नव्या कळा थोड्याच काळात शिकून घेतो.