नोकरीची जाहिरात मराठीत लावा!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो!

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आमच्या पोरांनी पोट कशावर भरायचं? सरकारी नोकरी शोधावी, तर केंद्र सरकारचं नोकऱ्यांचं साप्ताहिक १९७६ साली निघालं ते इंग्रजी, हिंदी अन् उर्दूत, मराठीत नाही!

सीआरपीएफ, बीएसएफच्या शिपाईभरतीचा पेपर २०२४ पासून मराठीत देता येतो. किती पोरांना ठाऊक आहे? पेपर मराठीत, मग जाहिरात इंग्रजी-हिंदीत का? आमची पोरं अकलेनं कमी नाहीत, त्यांना खबरच मिळत नाही!

आम्ही भीक मागत नाही. जाहिरात मराठीत छापा, नाक्यानाक्यावर लावा! आणि पोरांनो, अर्जात परीक्षेची भाषा मराठीच निवडा, लाजू नका. १९६० साली राज्य लढून घेतलं; नोकरीतला हक्कही लढूनच घेऊ!