पाकिटावरची हसरी ‘आंट’

"पाकिटावरच्या चित्राने कुणाचं काय बिघडतं हो? हल्ली लोकांना कशाचाही राग येतो." अमेरिकेतल्या ‘आंट जेमायमा’चा विषय निघाला की असं म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे पाकीट पॅनकेकच्या तयार पिठाचं. सुरुवात १८८९, मिसुरी राज्यातलं सेंट जोसेफ. नाव घेतलं मिन्स्ट्रेल शोमधल्या एका गाण्यावरून. मिन्स्ट्रेल शो म्हणजे तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचा खेळ. पुढे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीने नॅन्सी ग्रीन यांना ‘जेमायमा’ म्हणून उभं केलं. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई लोकांसमोर पॅनकेक करायची आणि मळ्यावरच्या जुन्या ‘सुखाच्या’ दिवसांच्या गोष्टी सांगायची!

म्हणजे विकलं जात होतं ते नुसतं पीठ नव्हतं. गुलामी कायद्याने संपून तीस वर्षंही झाली नव्हती, आणि डोक्याला फडकं बांधलेली हसरी दासी पाकिटातून घरोघरी पोचत होती. गुलामीत ती खूशच होती, हा निरोप घेऊन.

आता ते ‘आंट’. दक्षिणेतले गोरे लोक वयस्कर कृष्णवर्णीयांना ‘मिस्टर’, ‘मिसेस’ म्हणत नसत. आंट आणि अंकल म्हणायचं, म्हणजे मानही द्यावा लागत नाही आणि आडनावही घ्यावं लागत नाही. ‘अंकल बेन्स’ तांदळातला अंकल तोच.

१९८९ मध्ये फडकं गेलं, कानात मोती आले. नाव मात्र तेच. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कंपनीने चित्र आणि नाव काढायचं जाहीर केलं. २०२१ पासून ते ‘पर्ल मिलिंग कंपनी’. तांदूळही ‘बेन्स ओरिजिनल’ झाला.

माझ्या मते हे योग्यच झालं. पण एक दुसरी बाजूही ऐका. नॅन्सी ग्रीन यांच्यानंतर ज्या स्त्रियांनी हे काम केलं, त्यांच्यातल्या काहींच्या नातेवाइकांनीच विरोध केला. आमच्या घरच्या बाईने कष्टाने केलेली नोकरी अशी पुसून टाकू नका, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं कसं म्हणायचं? नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या धडकेत गेल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला २०२० मध्ये! ‘जेमायमा’ घराघरात, आणि नॅन्सी ग्रीन बेपत्ता. चित्र काढणं हे अर्धंच काम झालं, त्यामागच्या माणसाचं नाव लिहिणं बाकीच राहतं.

आणि अमेरिकेला नावं ठेवण्याआधी आपल्याकडेही बघू. आपण ‘मावशी’ म्हणतो ते मायेनंच, असं आपल्याला वाटतं. असेलही. पण दहा वर्षं आपली भांडी घासणाऱ्या मावशींचं आडनाव किती जणांना ठाऊक आहे? त्यांचा चहाचा कप वेगळा का असतो?

उद्या मावशी आल्या की निदान पूर्ण नाव तरी विचारा. आणि मोबाइलमध्ये ‘कामवाली’ म्हणून सेव्ह केलं असेल, तर ते बदला.