रेघ चुकली की पोरगा आपटला!

पांढराशुभ्र पडदा. त्यावर ना राक्षस, ना बंदूक, ना गुणांची पाटी. एक पेन्सिल, एक खोडरबर आणि एक बटण, एवढंच भांडवल. पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. गळ्यात मफलर गुंडाळलेला एक इटुकला पोरगा स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या बिनचाकी गाडीत बसून त्या रेघेवरून सुसाट निघतो. रेघ संपली की पोरगा हवेत... आणि मग खाली, खाली, खाली. पडद्याला तळच नाही!

‘लाइन रायडर’ नावाचा हा खेळ स्लोव्हेनियातल्या बोश्त्यान चादेझ या चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं सप्टेंबर २००६ मध्ये इंटरनेटवर ठेवला आणि बघता बघता तो जगभर पोहोचला. सीडी आणायला नको, काही भरवून घ्यायला नको. ब्राउझर उघडला की खेळ सुरू. यात जिंकणं नाही, हरणं नाही. कोडं खेळणाऱ्यानंच घालायचं आणि त्यानंच सोडवायचं. पोरगा या दरीवरून पलीकडे जाईल का? गोल फिरून सुखरूप बाहेर येईल का?

बहुतेक वेळा येत नाही. मुलं हौसेनं मोठा गोल काढतात, आधीचा उतार गोलाच्या माथ्याइतकाच उंच ठेवतात आणि पोरगा माथ्याच्या अलीकडेच रेघ सोडून डोक्यावर आपटतो. उतार थोडा वाढवला तरी आपटतो. चार-पाच वेळा खोडल्यावर मुलाच्या ध्यानात येतं, की उतार माथ्याच्या बराच वर हवा. किती वर? कॉलेजातलं भौतिकशास्त्र सांगतं की घर्षण नसेल, तर गोलाच्या त्रिज्येच्या निदान निम्म्यानं. दहावीही न झालेलं पोर हे सूत्राशिवाय, नुसतं आपटून आपटून शोधून काढतं. चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओ उतारावरून गोळे सोडत होता, तो याहून फार वेगळं काय करत होता?

पुढच्या आवृत्तीत लाल रेघ आली. तिच्यावरून जाताना स्लेजला आपोआप जोर मिळतो. ही खरं तर लबाडी! लाल रेघ हाताशी आली की मुलं उताराचा विचारच सोडून देतात. त्याउलट २०१७ साली एका तरुणानं ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराच्या सुरावटीवर ठेक्याबरहुकूम अख्खा मार्ग रेखाटला. लाखो लोकांनी तो पाहिला. पाहायला झकासच आहे, पण पाहणं म्हणजे खेळणं नव्हे.

कोलकात्याच्या उत्तरेला, विमानतळाच्या शेजारी वसलेल्या डमडममध्ये कुणी मूल हा खेळ खेळत असेल, तर त्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. तिथं हाच डाव खऱ्या रुळांवर चाळीस वर्षं मांडलेला आहे.

देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. पाठोपाठ १२ नोव्हेंबरला डमडम ते बेलगाछिया हा जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. तुकडाच तो! मधला मार्ग तयार नव्हता. डमडमहून गाडीत बसणारा माणूस बेलगाछियाला उतरून पुढं काय करणार? पुन्हा बस शोधणार. मग मेट्रोत बसतो कशाला? ऑक्टोबर १९९२ मध्ये ही सेवा चक्क बंद करावी लागली. बेलगाछिया आणि श्यामबाजार जोडलं गेलं, तेव्हा ऑगस्ट १९९४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि सप्टेंबर १९९५ मध्ये डमडमची गाडी थेट टॉलीगंजपर्यंत जाऊ लागली. रूळ तेच, स्थानकं तीच. मधली रेघ नव्हती, एवढंच.

दुसरा डाव विमानतळाचा. २००६ साली डमडम कँटोनमेंटहून विमानतळापर्यंत खांबांवरून लोकल रेल्वेचा फाटा नेला. प्रवासी फारसे फिरकले नाहीत. २०१६ मध्ये मेट्रोसाठी तो बंद झाला आणि पुढं ते बांधकाम पाडलं गेलं. काँक्रीटवर खोडरबर! नवी रेघ वेगळी निघाली. डमडम कँटोनमेंटला खांबांवर असलेली मेट्रो पुढं खाली उतरते आणि विमानतळाच्या ‘जय हिंद’ स्थानकात जमिनीखाली शिरते, कारण विमानं उतरतात तिथं उंच बांधकाम चालत नाही. नोआपाडा ते जय हिंद हा मार्ग २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. लोकल सुरू झाल्यापासून मोजलं तर एकोणीस वर्षं! पडद्यावर हेच खोडून पुन्हा काढायला पाच मिनिटं पुरतात, आणि कुणाचे पैसे बुडत नाहीत.

तरीही घरोघरी दृश्य असं, की पोरगा विसाव्यांदा आपटला की मागून आवाज येतो, ‘‘अरे, जमत नाही तर सोड ना!’’ विसाव्या वेळी तो काय बदलून बघतोय, हे मात्र कुणी विचारत नाही. उतार वाढवला? वळण सैल केलं? एवढं विचारलं तरी मूल हौसेनं दाखवायला लागतं, आणि विचारणारा पेन्सिल स्वतःच्या हातात मागतो!

हा खेळ मुळात फ्लॅशवर चालायचा. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबी कंपनीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि असे असंख्य छोटे खेळ ब्राउझरमधून गेले. लाइन रायडर मात्र नव्यानं लिहिला गेल्यामुळं वाचला. तो आजही फुकट खेळता येतो. सुरुवातीला दोनच अटी घालाव्यात. पहिला आठवडा लाल रेघ बंद, आणि पहिला गोल आईनं किंवा बाबांनी काढायचा. तो आपटणारच. मग खोडरबर मुलाकडे द्यावं.