गाळा सोडण्याची अट आधी लिहा

दुकानासाठी गाळा घेताना आपण रस्ता पाहतो, गिऱ्हाइकांची वर्दळ पाहतो, भाड्यासाठी तासभर घासाघीस करतो. करारनामा मात्र वाचत नाही. एजंट सांगेल तेथे सही करून मोकळे होतो. धंदा बसला की मगच त्यातील 'लॉक-इन' हा शब्द आठवतो.

समजा, भाडे 20 हजार, अनामत दीड लाख, करार तीन वर्षांचा आणि लॉक-इन 18 महिन्यांचे. दहाव्या महिन्यात दुकान बंद करावे लागले. मालक हिशेब मांडतो: उरलेले आठ महिने, एक लाख 60 हजार. म्हणजे अनामत गेलीच, वर दहा हजारांचे देणे! आणि महिन्याभरात त्याच गाळ्यात दुसरा भाडेकरू बसतो.

हा हिशेब कायद्याला आपोआप मान्य नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान झालेच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तो खटला भूखंडाच्या लिलावाचा होता, पण तत्त्व तेच. शिवाय, नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही कलम 73 नुसार पाहिले जाते.

याचा अर्थ लॉक-इन निरर्थक आहे, असा नव्हे. मालकाच्याही डोक्यावर कर्जाचा हप्ता असू शकतो. रातोरात किल्ली फेकून जाणे हा करारभंगच आहे. पण अनामत मालकाच्या हाती असते आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. लहान व्यापाऱ्याचा हक्क खरा असूनही त्याच्या पदरी काही पडत नाही. म्हणून बंदोबस्त सहीपूर्वीच करावा.

लॉक-इन शक्य तितके कमी असावे आणि ते दोघांनाही बांधील असावे. मुदतीत गाळा सोडल्यास नवा भाडेकरू येईपर्यंतचेच, जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे द्यावे, असे स्पष्ट लिहावे. किल्ली दिली त्याच दिवशी उरलेली अनामत परत मिळावी. नोटीस लेखी द्यावी, तिची पोच ठेवावी. किल्ली देतानाही तारखेसह पावती घ्यावी.

करार नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

या अटी मागितल्याने कोणी अपशकुन करीत नाही. 2020 च्या टाळेबंदीत चालती दुकानेही बसली, हे आपण पाहिले आहे. भाड्यात हजार रुपये कमी करून घेण्यापेक्षा बाहेर पडण्याची ही एक अट लिहून घेणे अधिक फायद्याचे आहे.