चिठ्ठीवर अक्षर कोणाचं?

हुडकेश्वर रोडला प्लॉट घ्यायचा असला की पहिला प्रश्न असतो, 'आरएल आहे का?' सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर नसेल तर शहाणा माणूस पुढे बोलतच नाही. सातबारा काढतात, वकिलाला दाखवतात, लेआउटमध्ये पावसाचं पाणी साचतं का तेही जाऊन बघतात. देवापुढे नारळ फुटतो तो रजिस्ट्री झाल्यावर. हा क्रम मला मान्य आहे.

त्याच घरात पोरीच्या शिक्षणाचा विषय निघाला की क्रम उलटा होतो. आमच्या नात्यातल्या एका बहिणीला पुण्यात एमटेकला प्रवेश मिळत होता आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. मोठ्या बाबांनी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. 'लग्न' निघाली. ती काही बोलायला गेली तर उत्तर तयार होतं, "देवानं सांगतलं ना, आता तू काऊन बोलून रायली?"

दोनातली एक चिठ्ठी निघण्याची शक्यता पन्नास टक्के असते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. माझा आक्षेप तो नाहीच. चिठ्ठ्यांवर काय लिहायचं हे कोणी ठरवलं? 'लग्न, पण एमटेक झाल्यावर' अशी तिसरी चिठ्ठी का नव्हती? देवाला विचारायच्या आधी तिला कोणी विचारलं? तिथे शहाणपण मागितलंच नव्हतं. निर्णय झालेला होता, देवाकडून फक्त सही हवी होती. आणि देवाच्या सहीपुढे घरात कोणाचंच काही चालत नाही.

मी नास्तिक असतो तर हसून सोडून दिलं असतं. मी प्रार्थना करतो, म्हणून राग येतो. (हसणारे मित्र आहेत मिहानमध्ये. नोकरी बदलू का, हे ते चॅटजीपीटीला विचारतात, आणि उत्तर 'हो'च येईल असा प्रश्न लिहितात. चिठ्ठ्याच त्या!)

आपल्या नागपूर विद्यापीठाच्या पदवीवर ज्यांचं नाव आहे, त्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि विदर्भातल्या गावागावांत सामुदायिक प्रार्थना रुजवली. जात-धर्म न बघता सगळ्यांनी एकत्र बसायचं. त्या बैठकीत देव कोणा एकाच्या कानात निर्णय सांगून जात नाही. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत सामुदायिक प्रार्थनेवर एक अध्याय आहे, तसा महिलोन्नतीवरही आहे. प्रार्थनेचा तेवढा घ्यायचा आणि दुसरा गाळायचा, ही सोय महाराजांनी ठेवलेली नाही.

प्रार्थनेत मला आवाजबिवाज ऐकू येत नाही. दहा मिनिटं गप्प बसलं की आपलंच घोडं दामटणं जरा थांबतं, आणि ज्याचं म्हणणं अजून ऐकलेलं नाही तो माणूस आठवतो. मग उठून त्याला फोन करायचा. एवढंच मिळतं, आणि ते पुष्कळ आहे.

ती बहीण आता चंद्रपूरला असते. एमटेक राहिलंच. यंदा तिच्या धाकटीचा बारावीचा निकाल आहे. मी मोठ्या बाबांना सांगून ठेवलंय, चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर टाका, पण त्यांवर अक्षर तिचं पाहिजे.